घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटिव्हायरस हवाच का? आणि 'व्हायरस आलाय' हे ठरवायचं कसं?

कीबोर्डकर

रिन्यूअलचा मेसेज आला की घरोघरी हाच प्रश्न पडतो: अँटिव्हायरसचे पैसे यंदाही भरायचे का? माझं मत आधीच सांगून टाकतो, मग होऊ द्या हाणामारी. विंडोज ११ आहे, अपडेट्स चालू आहेत, क्रॅक (परवाना चुकवून फुकट चालवलेलं सॉफ्टवेअर) घातलेलं नाही, अशा घरच्या मशीनला वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही. त्याच पैशात थोडी भर घालून एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या.

विंडोज एक्सपीच्या काळात गोष्ट निराळी होती. पेनड्राइव्ह लावला की ऑटोरनने त्यावरची फाइल आपोआप चालायची, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक मशीनला लागण व्हायची. विंडोज ७ने पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं आणि २०११ साली अपडेटमधून तेच एक्सपी-व्हिस्टालाही मिळालं. २००९ला मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट दिलं, पण ते वेगळं उतरवून घ्यावं लागे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजच्या पोटातच येतो. मॅग्डेबर्गची एव्ही-टेस्ट आणि इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ज या संस्था नियमित चाचण्या घेतात, त्यात तो आता विकतच्यांच्या पंगतीत बसतो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. मशीन हळू चाललं, पंखा घोंगावला, स्क्रीन हलली की आपण थेट 'व्हायरस' म्हणतो, दुकानदार फॉरमॅट मारतो (डिस्क पुसून विंडोज नव्याने घालतो) आणि मूळ दुखणं तसंच राहतं. तेव्हा लक्षण आणि त्यामागचं कारण कसं शोधायचं, हेही या धाग्यात येऊ द्या. 'फॉरमॅट मारा' एवढाच प्रतिसाद देऊ नये ही विनंती.

तिरकस_बाण

फॉरमॅट मारा.

सर्किट_सदाशिव

+१. त्यात एकच भर. विकतचा टाकला की डिफेंडर आपोआप मागे सरतो, त्यामुळे 'दोन पहारेकरी' असा प्रकार होत नाही. पण दोन विकतचे एकत्र टाकले, किंवा लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल न काढता दुसरा टाकला, की प्रत्येक फाइल उघडताना दोघंही तपासतात आणि एकमेकांच्या फाइलींवर संशय घेतात. ट्रायल संपलेला असेल तर आधी काढा. नुसत्या अनइन्स्टॉलने त्याचे ड्रायव्हर (सिस्टिमच्या आत बसणारे छोटे प्रोग्रॅम) कधीकधी मागे राहतात, त्यासाठी बहुतेक कंपन्या स्वतःचं रिमूव्हल टूल देतात, तेही चालवा. मग विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनखाली रिअल-टाइम प्रोटेक्शन खरंच चालू झालंय का, ते डोळ्यांनी बघा.

नाक्यावरचा_दुकानदार

धागाकर्त्यांशी अंशतः असहमत. 'क्रॅक न घातलेल्या' ही अट लिहायला सोपी आहे. नाक्यावर जोडून घेतलेल्या पीसीत अस्सल विंडोज किती ठिकाणी असतं? आणि डिफेंडरची बरीच ताकद क्लाउडवर आहे. अनोळखी फाइल दिसली की तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो. जिथे नेट दिवसातून तासभर हॉटस्पॉटवरून येतं आणि कामं पेनड्राइव्हवर चालतात, तिथे तो अर्धाच असतो.

शिवाय आई-वडिलांना फोन उचलून मराठीत बोलणारं कोणीतरी हवं असतं. क्विक हील पुण्याचीच कंपनी आहे, तिचा खोका तालुक्याच्या दुकानातही मिळतो. लोक पैसे देतात ते निम्मे त्या फोनचे असतात. त्यात काही गैर नाही.

मेधा_क

क्रॅकवालं विंडोज असेल तर विकतचा अँटिव्हायरससुद्धा उपयोगाचा नाही, दुकानदारसाहेब. अ‍ॅक्टिव्हेटरची (फुकटचं विंडोज अस्सल भासवणाऱ्या प्रोग्रॅमची) पहिली सूचनाच 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी असते. माणूस आपल्या हाताने दार उघडतो. आतल्या प्रोग्रॅमला अ‍ॅडमिनचे हक्क मिळाले की तो डिफेंडरला सांगून ठेवतो, या फोल्डरकडे बघायचं नाही. नंतर डिफेंडर हिरवी खूण दाखवत राहतो आणि घरात काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. विंडोज सिक्युरिटी → व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन → मॅनेज सेटिंग्ज → खाली एक्सक्लूजन्स, म्हणजे न तपासायच्या गोष्टींची यादी. घरच्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह, प्रोग्रॅमडेटा (प्रोग्रॅम आपला माल ठेवतात तो फोल्डर) किंवा डॉट ईएक्सई (चालणारे प्रोग्रॅम) हा प्रकारच वगळलेला दिसला, तर निदान झालंच म्हणा.

स्टॉप उर्फ डेजावू नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः क्रॅक आणि कीजेन (खोटा परवाना क्रमांक बनवणारा प्रोग्रॅम) यांमधूनच घराघरात पसरलं. फोटो-कागदपत्रं कुलूपबंद, प्रत्येक फाइलीला चार अक्षरांचं शेपूट आणि शेजारी खंडणीची चिठ्ठी. त्यात नेट नसताना वापरली जाणारी 'ऑफलाइन की' लागली असेल आणि ती हाती आलेली असेल तर एम्सिसॉफ्टच्या फुकट डिक्रिप्टरने फाइली सुटू शकतात. 'ऑनलाइन की' लागली असेल तर नाही. म्हणून कुलूपबंद फाइली फेकू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवा. युरोपोल, डच पोलीस वगैरेंनी २०१६ला सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' साइटवर नवी साधनं येत असतात.

नाचणी_सत्त्व

वाचनखूण साठवली. रोमातून (नुसतं वाचत बसण्यातून) बाहेर येऊन एक केस टाकते. घरचा डेस्कटॉप, विंडोज ११, वापर म्हणजे मुलांचा अभ्यास आणि रेल्वे तिकिटं. लक्षणं अशी:

१. उजव्या कोपऱ्यात खालून 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले' असे फलक येतात, त्यावर एका प्रसिद्ध अँटिव्हायरसचं चित्र असतं. तो अँटिव्हायरस मशीनवर नाहीच.
२. क्रोममध्ये गूगल सर्च केलं की दुसऱ्याच कुठल्या सर्च इंजिनवर जातं. बदललं तरी परत तेच. मेनूच्या तळाशी 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असं दिसतं.
३. कोणी वापरत नसताना पंखा जोरात फिरतो. टास्क मॅनेजर उघडला की शांत.

फुल स्कॅन केला, काही सापडलं नाही. हे एकच दुखणं की तीन?

तिरकस_बाण

संस्थेद्वारे व्यवस्थापित म्हणजे कुटुंबसंस्था असेल.

कीबोर्डकर

बाण, बसा खाली.

नाचणीताई, पहिलं लक्षण व्हायरस नसण्याचीच शक्यता जास्त. ते ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे. सिनेमा उतरवायची किंवा क्रिकेट फुकट दाखवणारी साइट 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा' म्हणते. अलाऊ दाबलं की ती साइट बंद असतानाही तिला तुमच्या कोपऱ्यात फलक लावायची परवानगी मिळते. स्कॅनमध्ये काही सापडत नाही, कारण मशीनवर फाइलच नाही, फक्त एक परवानगी आहे. फलक नीट बघा: त्यावर बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि साइटचा पत्ता असतो. क्रोम सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → साइट सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स. 'परवानगी असलेल्या' यादीतल्या अनोळखी साइट काढा आणि वर 'साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' निवडा. एज ब्राउझर असेल तर तिथेही तेच करावं लागतं, दोघांच्या याद्या वेगळ्या. तोवर त्या फलकावर क्लिक करू नका, तिथून पुढे बनावट 'कस्टमर केअर' नंबर आणि एनीडेस्क (दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) उतरवायला लावणारा माणूस असतो.

दुसरं लक्षण मात्र गंभीर आहे. अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पुढे पॉलिसी असं (अर्थात रोमन अक्षरांत) टाइप करा. यादी दिसेल. त्यात 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' असेल, तर कोणीतरी रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून) एक एक्स्टेन्शन (ब्राउझरची पुरवणी) जबरदस्तीने बसवलंय. म्हणूनच ते क्रोममधून काढता येत नाही, रिमूव्हचं बटणच दिसत नाही.

सर्किट_सदाशिव

इथे थोडं सबुरीने. काही अँटिव्हायरस आणि पालक-नियंत्रणाची सॉफ्टवेअरंही हाच पॉलिसीचा रस्ता वापरतात, तेव्हा 'संस्थेद्वारे' ही ओळ दिसली म्हणजे चोर असं नाही. ताईंच्या मशीनवर यातलं काही नाही आणि सर्चही वळतोय, म्हणून इथे संशय पक्का.

काढायची पद्धत: रजिस्ट्री एडिटर उघडा → एचकेईवाय लोकल मशीन → सॉफ्टवेअर → पॉलिसीज → गूगल → क्रोम. आधी त्या 'क्रोम' फोल्डरवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा, म्हणजे चुकलं तर परत आणता येईल. मग तो डिलीट करा. करंट यूजरखालीही तोच मार्ग तपासा. क्रोम बंद करून उघडा, आता एक्स्टेन्शन काढता येईल. मशीन रिस्टार्ट केल्यावर पॉलिसी परत उगवली, तर ती परत लिहिणारं काहीतरी टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) बसलंय असं समजा.

रात्रपाळी

तिसऱ्या लक्षणाबद्दल. इथे दोन अगदी उलट कारणं सारखीच दिसतात.

पहिलं निरुपद्रवी. विंडोजचं ऑटोमॅटिक मेन्टेनन्स पहाटे २ला ठरलेलं असतं. घरचं मशीन तेव्हा बंद, म्हणून ते नंतर मशीन रिकामं सापडेल तेव्हा सुरू होतं: डिफेंडरचा स्कॅन, अपडेटची साफसफाई, डिस्कची मांडणी. तुम्ही माउस हलवला की ते थांबतं. म्हणजे टास्क मॅनेजर उघडल्यामुळे नव्हे, तुम्ही परत आल्यामुळे पंखा शांत होतो.

दुसरं उपद्रवी. क्रिप्टो मायनर तुमच्या विजेवर नाणी खणतो, आणि त्यातले बरेच टास्क मॅनेजर उघडताना दिसला की स्वतःला थांबवतात.

फरक असा ओळखा. मशीन चालू ठेवून नुसता माउस हलवा, टास्क मॅनेजर उघडू नका. पंखा शांत झाला तर मेन्टेनन्सकडे कल. माउस हलवूनही चालूच राहिला आणि टास्क मॅनेजर उघडताच पडला, तर मायनरकडे. हा पुरावा नव्हे, कल आहे. काही मायनर माउसवरही लक्ष ठेवतात.

आता पुरावा. टास्क मॅनेजर → डिटेल्स → वरच्या पट्टीवर राइट क्लिक → सिलेक्ट कॉलम्स → 'सीपीयू टाइम'. हा कॉलम त्या क्षणाचा टक्का सांगत नाही, प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून प्रोसेसरने त्याच्यासाठी एकूण किती वेळ घालवला ते सांगतो. मायनर तुम्हाला बघून थांबला तरी आधी खाल्लेला वेळ लपवू शकत नाही, जोवर तो पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होत नाही. कॉलमवर क्लिक करून उतरता क्रम लावा. सर्वात वर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' असेल, तासच्या तास दाखवेल. घाबरू नका, तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे, त्याला एंड टास्क करायला जाऊ नका. त्याखाली कोण आहे ते सांगा.

नाव ओळखीचं असलं तरी पत्ता बघा. नावावर राइट क्लिक → ओपन फाइल लोकेशन. एसव्हीसीहोस्ट हा विंडोजच्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मधून चालायला हवा. तेच नाव अ‍ॅपडेटा किंवा प्रोग्रॅमडेटातून चालत असेल, तर तो तोतया.

पेनड्राइव्हवाला

हे सगळं इंटरनेटवाल्यांचं झालं. झेरॉक्सच्या दुकानात आणि सेतू केंद्रात अजूनही पेनड्राइव्हच चालतो, आणि 'शॉर्टकट व्हायरस' जिवंत आहे. ऑटोरन गेलं, मग आता कसं पसरतो? तो तुमचे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवतो. तुम्ही स्वतः डबल क्लिक करता. शॉर्टकट आधी स्क्रिप्ट चालवतो, मग खरा फोल्डर उघडून दाखवतो, म्हणून शंका येत नाही.

फाइली गेलेल्या नसतात. 'वापरलेली जागा ६ जीबी' दिसते आणि फोल्डर मात्र रिकामा, ही खूण. कमांड प्रॉम्प्ट उघडा, ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाइप करून एंटर, मग अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी *.* (टाइप अर्थातच रोमनमध्ये). फाइली दिसू लागतात. काही जाती सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरात टाकतात, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा असते, तो फोल्डर उघडा. शॉर्टकट आणि डॉट व्हीबीएस, डॉट जेएस फाइली उडवा. हे स्वच्छ मशीनवर करा, नाहीतर इकडे पुसाल आणि तिकडे परत उगवेल.

दुकानात प्रिंट काढायची असेल तर लॉकची कळ असलेल्या अ‍ॅडॉप्टरमधलं मेमरी कार्ड बरं. कळ खाली ओढली की दुकानातलं मशीन त्यावर काही लिहीत नाही.

कोकणी_राऊटर

ती कळ कार्डातली सर्किट नाही हो, नुसतं प्लास्टिक आहे. रीडरने तिचा मान ठेवला तर ठेवला. बहुतेक रीडर ठेवतात, स्वस्तातले काही नाही. स्वतःला मेल करून तिथून प्रिंट काढा म्हणणार नाही, कारण मग दुकानातल्या मशीनवर जीमेल लॉगिन करावं लागतं, ते पेनड्राइव्हपेक्षा वाईट. दुकानाच्या पत्त्यावर मेल पाठवा.

पेनड्राइव्हवाला

दुकानदार मेल उघडेपर्यंत अर्ज भरायची मुदत संपते.

लोखंडी_कपाट

धागा सॉफ्टवेअरकडे झुकलाय म्हणून लोखंडाची बाजू मांडतो. 'व्हायरस आलाय' म्हणून येणाऱ्या मशीनमध्ये मला पहिली शंका डिस्कची येते.

टास्क मॅनेजर → परफॉर्मन्स → डिस्क. 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' १०० टक्के, पण वाचन-लेखन सेकंदाला १-२ एमबी, आणि 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' सतत शेकडो मिलीसेकंद, हे त्रिकूट दिसलं की हार्ड डिस्क मरणपंथाला लागलीय. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून ०५, सी५ आणि सी६ हे तीन आकडे बघा: बदललेले सेक्टर, रांगेत अडकलेले सेक्टर, वाचताच न येणारे सेक्टर. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल तर आधी फोटो दुसरीकडे हलवा. अशा डिस्कवर फुल स्कॅन लावू नका. स्कॅन प्रत्येक फाइल वाचतो, आणि आजारी डिस्कला तेवढं धावणं शेवटचं ठरू शकतं. आकडे स्वच्छ असूनही हळू असेल, तर यांत्रिक हार्ड डिस्कवर विंडोज ११ असंच चालतं. एसएसडी बसवा.

बाकीची भुतं थोडक्यात:

सगळ्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात → घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. ३ व्होल्टचा असतो, मल्टिमीटरवर २.७च्या खाली दिसला तर बदला. प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून ब्राउझर ओरडतो, हॅकर वगैरे काही नाही.

लॅपटॉपचा कर्सर आपोआप उड्या मारतो → चार्जर काढा. थांबला तर अर्थिंगची गडबड. अर्थ नसलेला एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्वस्त अ‍ॅडॉप्टर असला की टचपॅडला खोटे स्पर्श जाणवतात. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या येतात का? तेच कारण.

अचानक बंद पडून चालू होतं → इव्हेंट व्ह्यूअर → विंडोज लॉग्ज → सिस्टिम, 'कर्नल-पॉवर ४१' शोधा. त्याच्या तपशिलात बगचेक कोड (विंडोजने नोंदवलेला बिघाडाचा आकडा) शून्य असेल तर बहुधा वीज, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) किंवा उष्णता. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं तेव्हा हे वाढतं. कोड शून्य नसेल तर रॅम किंवा ड्रायव्हर. रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक किंवा रात्रभर मेमटेस्ट८६. रॅमचे सोनेरी दात खोडरबरने पुसण्याचा देशी उपाय चालतो, फक्त मऊ पांढरा खोडरबर घ्या आणि आधी वायर काढा.

तिरकस_बाण

माउस आपोआप हलतो तो मात्र हॅकरच. सिनेमात पाहिलंय.

कोकणी_राऊटर

@बाण, वायरलेस माउस असेल तर आधी बॅटरी आणि काचेचं टेबल बघा. दूरस्थ माणूस असेल तर तो कर्सर नुसता थरथरवत नाही, नेमका जाऊन काहीतरी उघडतो. तसं दिसलं तर नेटची वायर उपसा, वायफाय बंद करा, मग सेटिंग्ज → अ‍ॅप्समध्ये एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर यातलं काही शोधा. 'बँकेतून बोलतोय'वाल्यांनी बसवून ठेवलेलं असतं. पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, वेळ दवडू नका. रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता आली तर आली.

मेधा_क

सध्याचा सगळ्यात वाईट प्रकार राहिलाच. साइट म्हणते, 'मी रोबो नाही हे सिद्ध करा: विंडोज कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर.' साइटने आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर पॉवरशेलची (विंडोजला लिहून हुकूम द्यायच्या साधनाची) आज्ञा ठेवलेली असते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. त्यातून बहुधा इन्फोस्टीलर येतो: ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन-कुकी (तुम्ही आधीच लॉगिन आहात हे साइटला सांगणारी नोंद) उचलतो, पाठवतो आणि अनेकदा स्वतःला पुसून टाकतो. नंतर स्कॅन केला तर मशीन स्वच्छ, आणि जीमेल दुसऱ्याच्या हातात. विकतचा असो की फुकटचा, अँटिव्हायरसने नंतर दिलेल्या 'सब ठीक'ला इथे अर्थ नाही.

तपासायचं असेल तर विंडोज आणि आर दाबून रनच्या खोक्याची यादी खाली ओढा, आधी चालवलेल्या आज्ञा दिसतात. पॉवरशेल किंवा एमएसएचटीए (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) या नावाने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसली तर पासवर्ड बदला, पण त्या मशीनवरून नव्हे, फोनवरून. आणि 'सर्व डिव्हाइसमधून लॉगआउट' करा. चोरलेली कुकी कधीकधी पासवर्ड बदलला तरी चालत राहते, आणि तिच्यासोबत ओटीपीही लागत नाही.

नाचणी_सत्त्व

सगळं तपासून आले. नोटिफिकेशनच्या यादीत अनोळखी साइटांचा बाजार होता, काढला, फलक थांबले. पॉलिसीत फोर्सलिस्ट होती, उडवली, रिस्टार्टनंतर परत आली. सीपीयू टाइममध्ये आयडलच्या खाली एसव्हीसीहोस्ट नावाचा एक, त्याचा पत्ता प्रोग्रॅमडेटातल्या निरर्थक अक्षरांच्या फोल्डरात. आणि मेधाताई, एक्सक्लूजन्समध्ये अख्खं प्रोग्रॅमडेटा. ऑफिस मात्र पीसी घेताना 'टाकून' मिळालं होतं.

मेधा_क

'टाकून' मिळालेलं ऑफिस, इथेच कथा सुरू होते.

रात्रपाळी

मग नक्की. दोन रस्ते.

साफ करून बघायचं असेल तर: नेट तोडा. एक्सक्लूजन काढा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं ऑटोरन्स (मशीनबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं साधन) दुसऱ्या मशीनवर उतरवून आणा, अ‍ॅडमिन म्हणून चालवा, ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि सही तपासायला सांगा. पिवळी नोंद म्हणजे फाइलच सापडत नाही, गुलाबी म्हणजे प्रकाशकाची खात्री नाही. गुलाबी सगळ्या वाईट नसतात, प्रिंटरचे जुने ड्रायव्हरही गुलाबी दिसतात. शेड्यूल्ड टास्क्सच्या पानावर प्रोग्रॅमडेटाकडे बोट दाखवणारी नोंद शोधा, आधी टिक काढा, लगेच डिलीट नको. मग व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन → स्कॅन ऑप्शन्स → मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच साधारण १५ मिनिटं स्कॅन चालतो, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला जागा नसते. त्याआधी डिस्क एन्क्रिप्टेड आहे का बघा आणि असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून कागदावर उतरवून ठेवा.

सर्किट_सदाशिव

इथे मी फॉरमॅटवाल्यांच्या बाजूने. मायनरने अ‍ॅडमिन हक्क मिळवले होते आणि डिफेंडरला आंधळं केलं होतं. त्या काळात आणखी काय आलं, याची यादी कोणाकडे आहे? सापडलेलं काढता येतं, न सापडलेल्याचं काय? बँकेची कामं होतात त्या मशीनवर विंडोज नव्याने घालायलाच हवं.

तिरकस_बाण

पहिला प्रतिसाद पुन्हा वाचावा. रॉयल्टी पाठवा.

रात्रपाळी

सदाशिव, मान्य. शिकायला साफसफाई करावी, भरवसा ठेवायला फॉरमॅट. ताई, क्रम असा ठेवा: फोनवरून जीमेल आणि बँकेचे पासवर्ड. मग एक्स्टर्नल डिस्कवर फक्त फोटो, पीडीएफ, वर्ड, एक्सेल. एकही डॉट ईएक्सई, एकही झिप केलेला सेटअप नाही. मग दुसऱ्या स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून बूट करून जुनी पार्टिशन काढून नवं विंडोज घाला. 'रिसेट धिस पीसी' नको, ते आधीच्या विंडोजच्या भरवशावर चालतं. ऑफिससाठी लिब्रेऑफिस फुकट आहे, शाळेच्या कामाला पुरतं.

कीबोर्डकर

आणि नवं विंडोज घातल्यावर मुलांना स्टँडर्ड अकाउंट द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मोठ्यांकडे. क्रॅक चालवायला अ‍ॅडमिन लागतो, तिथेच अडतं. अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग'च्या दोन्ही खुणा लावा. फाइलींची शेपटं दाखवायला सांगा, म्हणजे 'मार्कशीट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' लपत नाही. रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस मुळात बंद असतं, ते चालू करा. अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये लिहू देत नाही. त्याचा जाच असा की जुनं डीटीपी सॉफ्टवेअर सेव्ह करताना 'फाइल सापडली नाही' असला भलताच एरर देतं. तेव्हा प्रोटेक्शन हिस्टरीत बघा आणि त्या एका प्रोग्रॅमला परवानगी द्या, सगळं बंद करू नका.

नाक्यावरचा_दुकानदार

एवढं सगळं घरातली माणसं करणार? म्हणूनच म्हणतो, खोका विकला जातो. आणि विंडोज १०वाल्यांचं काय? निम्मी गिऱ्हाइकं तिथेच आहेत, मशीन ११ घेत नाही.

कोकणी_राऊटर

विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर. डिफेंडरच्या व्याख्या (व्हायरस ओळखायच्या खुणा) मात्र ऑक्टोबर २०२८पर्यंत येत राहणार, आणि इथेच लोक फसतात: व्याख्या ताज्या म्हणजे विंडोज ताजं नव्हे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आलं, ते विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरलं ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. भोक उघडं असेल तर त्यावर बसवलेला अँटिव्हायरस, विकतचा असला तरी, रोज नव्या हल्ल्यामागे धावत राहतो. ८व्या पिढीच्या आधीचा इंटेल असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) घाला, नाहीतर त्या मशीनवर बँक नको.

मेधा_क

मूळ प्रश्नावर येते. विकतचा कोणी घ्यावा? मुलांच्या वेळेचं नियंत्रण, अनेक फोन-लॅपटॉप एका परवान्यात, फोनवर मराठीत मदत, यापैकी काही हवं असेल त्याने घ्यावा, ती खरी सोय आहे. 'डिफेंडर कच्चा' म्हणून घेऊ नये. घेतलात तर त्यातले क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर बंद ठेवा. सीए मंडळींनी त्याचं एचटीटीपीएस स्कॅनिंग (सुरक्षित साइटशी होणारी देवाणघेवाण उघडून बघणं) तपासावं, ते मध्ये बसून स्वतःचं प्रमाणपत्र लावतं आणि डिजिटल सहीचं टोकन पोर्टलवर चालत नाही, मग टोकनवाल्याला शिव्या पडतात. वेगळा घ्यायचा नसेल पण दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर फुकट आहे, उतरवल्यापासून १० दिवस चालतो, नंतर नवा उतरवायचा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही, जे २०१७पासून आहे, फुकट बॉट रिमूव्हल टूल्स मिळतात.

लोखंडी_कपाट

आणि अँटिव्हायरस जिवंत आहे का हे तपासायला आयकारची चाचणी फाइल वापरा. ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ, सगळे अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस समजतात. उतरवताना आरडाओरडा झाला नाही तर संरक्षण बंद आहे.

नाचणी_सत्त्व

शेवटची शंका. गणपतीच्या आधीचा बॅकअप एका जुन्या हार्ड डिस्कवर आहे, त्यात त्या ऑफिसचा सेटअपही आहे. डिस्क नव्या विंडोजला लावली तर लागण होईल का?

रात्रपाळी

नुसती लावल्याने नाही, उघडून चालवल्याने होते. शिफ्ट दाबून ठेवून डिस्क लावायचा जुना तोडगा आता लागत नाही. लावल्यावर त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरचा स्कॅन लावा, सेटअपचा फोल्डर रिसायकल बिनमध्ये न ठेवता शिफ्ट-डिलीटने काढा, मग हवे ते फोटो आणि कागदपत्रं कॉपी करा. जुन्या एक्सेल फाइलीने 'मॅक्रो (फाइलीतला छोटा प्रोग्रॅम) चालू करा' असं विचारलं तर नाही म्हणा. आणि कॉपी संपली की डिस्क काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली असेल तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं.